नाकाची मोजणी आणि जिभेची साक्ष

माणसाची पायरी त्याच्या नाकावरून ओळखता येते, असे एके काळी सरकारी अहवालांत छापले जात असे. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीला लांबीने भागून, शंभराने गुणून एक आकडा काढला. आणि हा आकडा जसजसा चढत जाईल तसतशी त्या जातीची समाजातील जागा खाली उतरत जाते, असा सिद्धांत मांडला. आज श्रोत्यांना हसू येईल. पण त्या काळच्या शिकलेल्या माणसांनी तो गंभीरपणे वाचला, आणि काहींनी आरशासमोर उभे राहून समाधानही करून घेतले असेल.

त्या सिद्धांताचा समाचार घेणाऱ्यांत दोन नावे आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहेत. मालवण जेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते, तेव्हा तेथे जन्मलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरील आपल्या ग्रंथात ही मोजमापे पुन्हा तपासली, आणि रिस्लेचा नियम साऱ्या देशाला लागू पडत नाही असे दाखविले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली घुर्यांचेच आकडे पुढे ठेवून विचारले, की नाकाचे माप हे शास्त्र मानायचे, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, त्याचे काय? आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. शाळा लवकर सुटली, पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत रात्री झाले. समोरच्याचेच कागद त्याच्यासमोर ठेवून वाद जिंकण्याची ही रीत आम्हांला फार आवडली.

परंतु हा सारा वाद नाकाच्या बाहेरच्या बाजूचा होता. नाकाच्या आत, जिभेवर आणि डोळ्याच्या पडद्यावर आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवले आहे, याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती एका अपघाताने सुरू झाली.

१९३१ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनज्ञ एक पांढरी भुकटी हाताळत होते. तिचे नाव फिनाइल थायोकार्बामाइड. थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारी काम करणारे नोलर म्हणाले, काय हे कडूजहर! फॉक्स म्हणाले, छे, मला तर काहीच लागत नाही. दोघांनी ती मुद्दाम चाखून पाहिली, तरी एकाला कडू आणि दुसऱ्याला मातीसारखी बेचव. पुढे शेकडो लोकांना चाखवून पाहता ध्यानात आले, की हा फरक वंशपरंपरेने उतरतो. आईबाप दोघांकडूनही 'न लागण्याचा' वारसा मिळाला, तर मुलाला बहुधा ही चव कळत नाही. येथे एक खुलासा हवा. कारल्याचा किंवा पाडव्याच्या कडुलिंबाचा कडूपणा निराळा. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे पंचवीस निरनिराळे जनुक काम करतात, आणि ही हकिकत त्यांतल्या एकाची आहे. कोबी, मोहरी, नवलकोल यांच्या कुळातील काही द्रव्ये मात्र याच जनुकाच्या वाट्याला येतात.

आता १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये चला. एडिंबरो येथे जनुकशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली होती. युद्ध दारात उभे होते, प्रतिनिधी मिळेल त्या बोटीने घर गाठण्याच्या घाईत होते. अशा वेळी फिशर, फोर्ड आणि ज्यूलियन हक्सले हे तीन नामांकित शास्त्रज्ञ प्राणिसंग्रहालयात जाऊन शेपूट नसलेल्या मोठ्या वानरांना, म्हणजे कपींना, हे कडू पाणी पाजत होते! काहींनी ते साखरेच्या पाण्यासारखे पिऊन टाकले, काहींनी थुंकून दिले. तेथे आणि इतर ठिकाणी मिळून २७ चिंपांझी तपासले. २० जणांना चव कळली, ७ जणांना नाही. म्हणजे चिंपांझींतही सुमारे चौथा हिस्सा फॉक्ससारखा निघाला, आणि माणसांत आढळणारे प्रमाणही त्याच्या आसपासचेच.

तिघांनी असा निष्कर्ष काढला, की माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होण्यापूर्वीच हे दोन प्रकार अस्तित्वात होते, आणि लाखो वर्षे दोन्ही टिकले, त्याअर्थी दोहोंचाही काही उपयोग असला पाहिजे. तर्क सुंदर होता, आणि पुढील साठ-पासष्ट वर्षे तो शिकविला गेला.

दरम्यान ही भुकटी मुंबईस पोचली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. ल. दे. संघवी यांनी मुंबईतील आपापसांतच लग्ने करणाऱ्या सहा समाजांतील माणसे तपासून सात जनुकीय गुणांची माहिती १९४९ साली प्रसिद्ध केली. त्यांत रक्तगटांच्या जोडीला ही कडू चवही होती. रिस्लेच्या मोजपट्टीनंतर अर्ध्या शतकाने आलेले हे दुसरे माप. प्रमाणे समाजासमाजांत थोडीफार हलतात. पण ज्यांना चव कळते ते आणि ज्यांना कळत नाही ते, असे दोन्ही प्रकार जगात जेथे जेथे पुरेशी माणसे तपासली तेथे बहुतेक सर्वत्र सापडले आहेत. एका पंगतीला बसलेल्या सख्ख्या भावांत जो फरक निघतो, तो जातीची खूण कसा होणार?

चवीचा तो जनुक प्रत्यक्ष हाती लागला २००३ साली, अमेरिकेत. माणसांत चव कळणारा आणि न कळणारा यांच्या जनुकांत मुख्यतः तीन ठिकाणी बदल आहेत. मग २००६ साली स्टीफन वुडिंग आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींचा तोच जनुक वाचला, आणि फिशरमंडळींचा तर्क कोसळला. चव न कळणाऱ्या चिंपांझींत ते तीन बदल नव्हतेच. तेथे जनुकाचे वाचन जेथून सुरू व्हावयाचे, ती आरंभाची खूणच बिघडली होती. आमच्या व्यवहारातले उदाहरण द्यायचे तर, एका कारखान्याच्या करारात तीन शब्द बदलले म्हणून कलम निकामी झाले, आणि दुसऱ्या कारखान्याच्या करारातले पहिले पानच गहाळ झाले म्हणून तेच कलम निकामी झाले. कामगाराला परिणाम एकच दिसतो, पण नुकसान एकाच हाताने झालेले नाही. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटल्या, आणि त्यानंतर दोघांनी आपापल्या घरी स्वतंत्रपणे ही चव गमावली.

वासाचे काय? १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी वास ओळखणाऱ्या जनुकांचे प्रचंड कुटुंब शोधून काढले. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरात असे सुमारे हजार जनुक चालू आहेत, माणसात सुमारे चारशे. त्याहून थोडे अधिक मोडके होऊन नुसते पडून आहेत. प्रथम वाटले, की मनुष्य सुधारला म्हणून त्याचे नाक बिघडले. पण काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा चिंपांझीकडेही चालू जनुक जवळपास तेवढेच निघाले. फक्त दोघांचे मोडलेले जनुक सगळे एकच नाहीत. मिरकरवाड्याच्या बंदरावर ज्या वासाने परगावचा पाहुणा रुमाल काढतो, त्याच वासावरून कोळीण मासळी कालची की आजची ते सांगते. हे जनुकांपेक्षा अभ्यासाचे काम आहे, असे आमचे मत आहे.

शिवाय जनुक असणे आणि तो वाचला जाणे या दोन गोष्टी आहेत. नाकातील वासाच्या प्रत्येक पेशीत ते चारशेही जनुक असतात, पण एक पेशी साधारणतः एकच वाचते, बाकीची पाने मिटलेली राहतात. १९७५ साली मेरी-क्लेअर किंग आणि अॅलन विल्सन यांनी दाखविले, की माणसाची आणि चिंपांझीची प्रथिने जवळजवळ सारखी आहेत. तेव्हा एवढा मोठा फरक जनुक केव्हा, कोठे आणि किती वाचले जातात यांत शोधला पाहिजे. स्थायी आदेशांचे पुस्तक दोन आगारांत एकच असते. एकीकडे रजेचे कलम रोज उघडतात, दुसरीकडे फक्त शिक्षेचे. ज्यांनी दोन्हीकडे नोकरी केली आहे, त्यांना किंग आणि विल्सन समजायला वेळ लागणार नाही.

राहिला डोळा. आपल्याकडची माकडे, वानरे, आफ्रिकेतले कपी आणि आपण, या सर्वांच्या समाईक पूर्वजात सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी रंग ओळखणारा एक जनुक दुहेरी झाला, आणि तांबडा व हिरवा वेगळे दिसू लागले. गाईला, कुत्र्याला ही सोय नाही. हिरव्या पानांत पिकलेला रातांबा हेरायचा तर या दुहेरी जनुकाशिवाय कठीण. हे दोन्ही जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी असल्याने पिढी बदलताना त्यांची सरमिसळ होते. ते गुणसूत्र स्त्रीकडे दोन असतात, पुरुषाकडे एक. म्हणून आईचे डोळे निर्दोष आणि मुलगा रंगांधळा, असे घडते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शेकडा ८ जण असे असतात, रानातल्या माकडांत मात्र फारच क्वचित. शेतीबाजार आल्यावर हा दोष माणसाला पूर्वीइतका महाग पडेनासा झाला, असा एक तर्क आहे.

नोकरीत मात्र तो महाग पडतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. अवजड वाहन चालविण्याच्या जागेवर त्याची निवड झाली होती. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता आला नाही. चाकावर बसविले नाही, हे ठीकच. पण दोष लपविला असा शेरा मारून त्याला घरी पाठविले. घरी आणखी एक खटला उभा राहिला : खोट माहेरची, असे त्याच्या आईला सासरच्यांनी ऐकविले. लपविण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते, एवढ्या एका मुद्द्यावर आम्ही महिनाभर भांडलो. शेरा निघाला, आणि त्याला भांडारात काम मिळाले. आईला आम्ही हे गुणसूत्रांचे प्रकरण कागदावर रेघा काढून समजावले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, लहानपणी रातांबे काढायला पाठविले की हा पिकले-कच्चे एकत्र घेऊन यायचा, आणि कामचुकार म्हणून मार खायचा. तिच्या मुलीचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्यालाही हा वारसा मिळालेला असू शकतो. शाळेत घालण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्या, असे आम्ही त्याच कागदावर लिहून दिले.