अर्धेलीची वाइन

फ्लोरेन्स ते सिएना हे अंतर सुमारे ७० किलोमीटर. आम्ही त्यासाठी चार दिवस ठेवले, कारण मधल्या टेकड्यांवर किआंती वाइन होते. ग्रेवे, पान्झानो, राद्दा, गायोले अशी गावं नकाशावर जोडली आणि मग कळलं, की १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने काढलेल्या फर्मानात किआंतीची हद्द याच गावांच्या नावांनी आखली होती. गायोलेजवळच ब्रोलिओचा किल्ला. तिथले बेत्तिनो रिकासोली दोनदा इटलीचे पंतप्रधान झाले. सांजोवेसे द्राक्षाला प्रमुख मान देणारं किआंतीचं मिश्रण त्यांनी १८७२ च्या एका पत्रात सांगितलं.

हा इतिहास मालकांचा. कसणाऱ्यांचा इतिहास मुक्काम ठरवताना सापडला. आम्ही निवडलेलं दगडी घर पूर्वी कुळाचं होतं. इथे शेती 'मेझ्झाद्रिया'ने चाले. जमीन धन्याची, राबणं कुटुंबाचं, पीक निम्मं-निम्मं. माझे आजोबा हीच अर्धेली करायचे. असे नवे करार कायद्याने १९६४ मध्ये बंद झाले. तोवर अनेक कुटुंबं कारखान्यांकडे गेली होती, घरं ओस पडली होती. पुढे त्यांतल्या कित्येकांत पाहुणे उतरू लागले.

शेवटच्या दिवसाचं एक तळघर मी यादीतून काढलं. त्याऐवजी सिएनाच्या दक्षिणेला बुओनकोन्व्हेन्तोला जाऊ. तिथे मेझ्झाद्रियाचं संग्रहालय आहे. बरोबरचे थोडे कुरकुरले. पण पेल्यातला निम्मा वाटा कुणाचा, हे पाहिल्याशिवाय मला परतायचं नाही.