२३ ऑगस्ट : विंदा करंदीकर जन्मदिन

देवगड तालुक्यातील धालवली येथे १९१८ साली आजच्या तारखेस जन्मलेले कविवर्य गोविंद विनायक ऊर्फ विंदा करंदीकर हे पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक. तथापि निजामी अमलाखालील हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामात त्यांनी ऐन तारुण्यात कारावास पत्करला होता, हे मराठवाड्याने कृतज्ञतेने स्मरावे. ‘स्वेदगंगा’ या काव्यसंग्रहाने १९४९ साली प्रकट झालेली त्यांची प्रतिभा अध्यापनातून निवृत्त झाल्यावरही विसावली नाही, सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या पंक्तीस चार्वाकाला बसविणारे ‘अष्टदर्शने’ हे काव्य २००३ साली, वयाच्या पंचाऐंशीच्या सुमारास, त्यांनी रसिकांच्या हाती दिले. खांडेकर व कुसुमाग्रज यांच्यानंतर ज्ञानपीठाचा बहुमान लाभलेले ते तिसरे मराठी साहित्यिक. १४ मार्च २०१० रोजी ते निवर्तले.