राज्यांची घटना परिषद : बाबासाहेबांनी हे दार का ठेवले नाही?

संविधान दिनाला जूचंद्रमध्ये आमचा वाचनवर्ग भरला होता. दारात उद्देशिकेची रांगोळी (जूचंद्रला रांगोळीशिवाय काही होत नाही), आत पंचवीस-तीस मुलेमुली. बी.ए.च्या एका मुलाने विचारले, "अमेरिकेत राज्ये मिळून घटना बदलायला परिषद बोलावू शकतात. आपल्याकडे का नाही? केंद्र राज्यांचे ऐकत नाही, मग राज्यांनीच एकत्र बसून घटना दुरुस्त केली तर बिघडले कुठे?" मागून आवाज आला, "बाबासाहेबांचं संविधान कुणाचा बाप बदलू शकत नाही!" टाळ्या पडल्या आणि विषय मिटला.

आमच्या मते तो मिटलेला नाही. पोराचा प्रश्न रास्त होता आणि टाळ्या घेणारे उत्तर चुकीचे होते.

संविधानात २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत. पहिली १९५१ ची, बाबासाहेब कायदामंत्री असतानाची. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात शिक्षणातील जातवार जागा रद्द झाल्या, म्हणून त्या दुरुस्तीने कलम १५(४) आले. पदोन्नतीतील आरक्षण १९९५ च्या ७७ व्या दुरुस्तीने आले. म्हणजे आपल्या हक्कांपैकी काही मोठे हक्क दुरुस्तीनेच मिळालेले आहेत. तेव्हा "बदल नकोच" ही आपली भूमिका असूच शकत नाही. बदल कोण करणार आणि त्या करणाऱ्यांना कोण निवडणार, एवढाच वाद आहे.

आधी अमेरिका पाहू. तिथल्या घटनेच्या पाचव्या कलमानुसार दोन तृतीयांश, म्हणजे आज ५० पैकी ३४ राज्यांनी मागणी केली तर दुरुस्त्या सुचवण्यासाठी परिषद बोलवावी लागते. तिने सुचवलेली दुरुस्ती पक्की व्हायला ३८ राज्यांची मंजुरी लागते. आजवरच्या २७ पैकी एकही दुरुस्ती अशा परिषदेने सुचवलेली नाही. परिषदेत प्रतिनिधी किती, मतदान कसे, विषयाला मर्यादा आहे की नाही, यावर ते कलम गप्प आहे. आणि १७८७ ची फिलाडेल्फियाची परिषद जुन्या करारात सुधारणा करायला बोलावली होती, तिने अख्खी नवी घटना लिहिली. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची गणना तीन पंचमांश करायची, हा सौदाही तिथलाच. ज्यांच्याविषयी सौदा झाला त्यांचा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

बाबासाहेब याच जागी बोट ठेवत होते. आपल्या मुलांना हे सांगितले की धक्का बसतो, पण ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी संविधान सभेच्या कल्पनेलाच ठाम विरोध केला होता. ती अनावश्यक आहे आणि धोक्याची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी अनुभव आला. संविधान सभेचे प्रांतांतील सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडायचे होते, आणि ती विधिमंडळे मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींच्या मर्यादित मताधिकारावर आलेली होती. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना निवडून देण्याइतकी मते फेडरेशनकडे नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर ते बंगालमधून गेले. फाळणीत ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने, ते मुंबईतून पुन्हा आले. संविधानाचा शिल्पकार त्या सभागृहात जवळजवळ पोहोचलाच नव्हता, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. त्यातला धडा मात्र सांगत नाही.

मार्च १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून बघा. अस्पृश्यांसाठीची संरक्षणे बदलायची झाली तर काय करावे लागेल, याची अटच त्यात आहे. २५ वर्षे होईपर्यंत प्रस्ताव आणायचा नाही. आणायचा तर सहा महिन्यांची नोटीस. लोकांनी निवडलेल्या सभागृहात तो मंजूर झाला की विधिमंडळ बरखास्त करून नव्याने निवडणूक घ्यायची आणि नव्या सभागृहात तोच प्रस्ताव, शब्द न बदलता, पुन्हा मांडायचा. तिथे सभागृहाचे दोन तृतीयांश सदस्य तर हवेतच, शिवाय स्वतंत्र मतदारसंघांतून आलेल्या अनुसूचित जातींच्या सदस्यांपैकीही दोन तृतीयांश हवेत. म्हणजे ज्याचा हक्क, त्याची संमती. या रचनेत राज्यांच्या परिषदेला कुठेही जागा नाही.

प्रत्यक्ष संविधानात ही अट आली नाही. आले ते आजचे कलम ३६८. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की परिषद आणि सार्वमत या अवघड पद्धती आपण मुद्दाम टाळल्या आहेत. त्याच भाषणात ते म्हणाले की उद्याची संसद घटना समिती म्हणून बसली, तर तिचे सदस्य पक्षाच्या सोयीसाठी, आड येणारे कलम हटवायला बसतील. म्हणूनच साधे बहुमत पुरणार नाही, ही अट.

हे भय किती खरे होते ते १९७६ मध्ये दिसले. आणीबाणी चालू होती, विरोधी नेते तुरुंगात होते, लोकसभेची मुदत वाढवलेली होती. तेव्हा पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या राज्यांच्या विधानसभांनी नवी संविधान सभा बोलवा असे ठराव केले. सगळीकडे सत्ताधारी काँग्रेसच. ठराव राज्यांचे होते, पण त्यांची प्रेरणा दिल्लीत, संजय गांधींच्या गोटात होती. ती सभा झाली नाही, ४२ वी दुरुस्ती झाली. तिचा बराच भाग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मागे घेतला गेला, आणि संसदेला दुरुस्तीचा अमर्याद अधिकार देणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात रद्द केला. न्यायालयाला हे करता आले, कारण १९७३ च्या केशवानंद निकालाने संसदेला मूलभूत चौकटीत बांधले होते. नवी संविधान सभा भरली असती तर ती म्हणाली असती, ही चौकट आम्हाला लागूच नाही.

राज्यांची तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तमिळनाडूने १९६९ मध्ये राजमन्नार समिती नेमली, केंद्राला १९८३ मध्ये सरकारिया आयोग नेमावा लागला, ते उगाच नाही. राष्ट्रपतीची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र-राज्य विषयांच्या याद्या अशा बाबींत किमान निम्म्या राज्यांची मंजुरी लागते. पण दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार राज्यांना नाही. तो मागा, जरूर मागा. पण मंजुरी संसदेत, ३६८ च्या अटींनीच झाली पाहिजे.

कारण परिषद भरली तर तिथे आपले कोण असेल? लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ आणि जमातींच्या ४७ जागा राखीव आहेत, आपल्या विधानसभेत २८८ पैकी २९ आणि २५. हे आरक्षण कलम ३३० आणि ३३२ मुळे फक्त या दोन सभागृहांना आहे. विधानसभांनी निवडलेले राज्यांचे सभागृह कसे असते ते बघायचे तर राज्यसभा आहेच. तिथे आपल्यासाठी एकही जागा राखीव नाही. वसईच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २००९ मध्ये महापालिका झाली तेव्हा गावे वगळा म्हणून लोक रस्त्यावर आले, त्यांचाही सवाल हाच होता की आमच्याबद्दल ठरवणारे तुम्ही कोण.

त्या मुलाला आम्ही 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचायला दिले. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "सर, स्वतंत्र मतदारसंघांच्या सदस्यांची अट संविधानात का आली नाही?" त्यासाठी १९३२ च्या पुणे करारापर्यंत मागे जावे लागते. पुढच्या रविवारी तेच घेतले आहे.