केंद्रकस्नेही : एका नावाची गोष्ट

कीटोनला हायड्रोजन सायनाइड जोडताना थोडा आम्लारी घातला, की वेग वाढतो. का? १९०३ साली आर्थर लॅपवर्थ यांनी उलगडा केला : आधी सायनाइड आयन कार्बनला जोडला जातो, हायड्रोजन नंतर. १९२५ मध्ये त्यांनी अभिकारकांची ‘ऋणायनसदृश’ व ‘धनायनसदृश’ अशी विभागणी केली. पण नावात आयन आला, की लक्ष भाराकडे जाते. अमोनियावर तर ऋणभार नसतोच. असते ती बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनजोडी. १९३३ मध्ये क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी ‘केंद्रकस्नेही’ व ‘इलेक्ट्रॉनस्नेही’ हे शब्द सुचवले. अभिकारक कशाच्या शोधात आहे, हे नावातच आले. म्हणून वर्गात ‘भार कोणता?’ याआधी ‘इलेक्ट्रॉनजोडी कोण देतो, कोण घेतो?’ असे विचारून पाहा.