बालवाचकाची आवड आणि लिंगभाव

मराठी बालसाहित्याचा अभिप्रेत वाचक आरंभापासूनच बव्हंशी मुलगा आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी फ्रेंच लेखक बेर्कँ याच्या कथा इंग्रजीवरून मराठीत आणून केलेला ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. पुढे मुली वाचू लागल्या, तरी नायकत्व प्रामुख्याने गोट्या, फास्टर फेणे यांच्याकडेच राहिले. ना. धों. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, परंतु अशी पुस्तके ‘मुलींची’ ठरतात आणि ‘गोट्या’ सर्वांचा. मुलीने नायकाशी तादात्म्य पावणे स्वाभाविक मानले जाते, मुलाने नायिकेशी पावणे हास्यास्पद. ज्याला आपण मुलांची ‘आवड’ म्हणतो, ती पुष्कळदा या लज्जेचीच निर्मिती असते.

‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात पहिल्याच रात्री ही लज्जा समोर येते. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालण्याची श्यामला लाज वाटते. देवाच्या कामात लाज कसली, असे आई त्याला समजावते. साने गुरुजी येथे मुलाला स्त्रीच्या जागी उभे करतात. मात्र ही मुभा व्रताच्या, म्हणजे कोकणातील ब्राह्मण घराच्या चौकटीतच मिळते. त्या घराबाहेरच्या मुलीला हे पुस्तक वाचताना दोन उंबरठे ओलांडावे लागतात: लिंगभावाचा आणि जातीचा. श्यामने एकच ओलांडला, तोही आईच्या आधाराने. तेव्हा बालवाचकाच्या आवडीची चर्चा करताना कोणाला किती उंबरठे ओलांडावे लागले, हे आधी विचारले पाहिजे.