गाळ कोणाचा, खर्च कोणाचा

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण या भूमीची ओळख जिल्ह्यापेक्षा कितीतरी जुन्या तलावांनी घडवली. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी शेतकऱ्यांनी नवेगाव बांधसारखे तलाव उभारले आणि इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पाण्यावर कोणाचा निस्तार, म्हणजे वापराचा रूढ हक्क, हे गावोगावच्या वाजिब-उल-अर्ज या हक्कनोंदीत लिहिलेले असे. पाळ, तुडूम (पाणी सोडण्याचे दार), सांडवा यांची डागडुजी आणि गाळाचा उपसा मालगुजाराच्या पैशाने व गावाच्या अंगमेहनतीने होई. लाभ घेणाऱ्यानेच निगा राखायची, असा तो हिशेब होता. मग १९५० चा मालगुजारी निर्मूलन कायदा आला आणि १९५१ पासून बहुतेक तलाव सरकारजमा झाले. लोकांचा निस्तार टिकला, मालकी सरकारकडे गेली, पण उपशाचा खर्च कोणाच्याच खात्यावर ठामपणे पडला नाही. तलाव उथळ होत गेले. पुढे २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा गाळ वाहून नेण्याचा भार शेतकऱ्यावरच ठेवला गेला.

याचा अर्थ मालगुजारी बरी होती, असा नव्हे. त्या निगराणीत वेठही होती आणि ती व्यवस्था मोडणे न्याय्यच होते. चूक मोडण्यात नव्हती. मालकी हस्तांतरित करताना जबाबदारी कागदावर न उतरवण्यात होती. हाच धडा कारखान्यांच्या विषारी कचऱ्यालाही लागू होतो. गाळ आणि विषारी कचरा एका मापाने मोजता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे, कारण गाळ शेतात टाकला तर पीक वाढते. पण त्यामुळे मुद्दा अधिकच धारदार होतो: निरुपद्रवी गाळाचीही जबाबदारी हस्तांतरात हरवते, तर उपद्रवी कचऱ्याची किती सहज हरवेल? भोपाळने ते दाखवून दिले. तिथल्या कारखान्यातील १९८४ च्या वायुगळतीनंतर युनियन कार्बाइडने १९९४ मध्ये तो चालवणाऱ्या भारतीय कंपनीतील आपला हिस्सा विकला, कारखान्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली, आणि तिथला सुमारे ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला गेला तो सरकारी तिजोरीतल्या पैशाने.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व तर आपल्या कायद्यात आहेच, असे कोणी म्हणेल. आहेच, रासायनिक कारखान्यांनी दूषित केलेल्या राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते ठणकावून सांगितले. पण त्याच प्रकरणातल्या वसुलीवर न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा निकाल द्यावा लागला. दोषी ठरवणे आणि वसुलीचा हा निकाल यांत पंधरा वर्षांचे अंतर पडले, आणि तोवर दूषित विहिरी गावकऱ्यांनी सोसल्या. दूषित जागांसाठी २०२५ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम केले, हे पुढचे पाऊल आहे. तरीही जबाबदार व्यक्ती सापडली नाही वा तिची ऐपत नसली, तर खर्च शेवटी सरकारवरच येतो.

गोंदियापुरता हा प्रश्न तिरोड्याला उभा आहे. तिथल्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पातून कोळशाची राख निघते. धोकादायक कचऱ्याच्या नियमांनी राखेला ‘जास्त प्रमाण, कमी परिणाम’ अशा वर्गात घालून यादीबाहेर ठेवले आहे. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने मात्र वापरात न आलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. राख सिमेंट-विटांना उपयोगी पडते, मग तिची चिंता कशाला, असे म्हटले जाते. पण तो उपयोग प्रकल्प सुरू असेतो होतो. भट्ट्या विझल्यावर राखेच्या तळ्यात उरलेल्या राखेला गिऱ्हाईक कोण? म्हणून प्रकल्प बंद पडल्यानंतरच्या साफसफाईचा निधी प्रकल्प कमावत असतानाच वेगळा काढून ठेवावा, आणि प्रकल्प विकला गेल्यास तो निधी व ती जबाबदारी दोन्ही नव्या मालकाच्या करारात नावानिशी उतरावीत. मालगुजारी तलावांच्या वेळी नेमकी हीच नोंद राहून गेली होती.