असत्याची पारख आणि सत्यशोध (ख्रिस्ती विचार)

असत्याची पारख आणि सत्यशोध हा ख्रिस्ती नीतिशास्त्र व धर्मविचार यांतील एक महत्त्वाचा विषय आहे. खोटे कशास म्हणावे, ते कसे ओळखावे, आणि धर्माच्या नावाने केलेल्या विधानांची तपासणी करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. श्रद्धा आणि तपासणी या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, तपासणी हे श्रद्धावंताचे कर्तव्यच आहे, अशी या विचारातील एक प्रमुख भूमिका आहे. महाराष्ट्रात तिचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात आढळते. वऱ्हाडात, विशेषतः अमरावती जिल्ह्यात, कुष्ठरोगाविषयीच्या समजुतींच्या संदर्भात हा प्रश्न प्रत्यक्ष लोकजीवनाशी जोडला गेला.

संज्ञा

बायबलच्या जुन्या करारात सत्यासाठी 'एमेत' हा हिब्रू शब्द येतो. त्याच्या धातूचा अर्थ दृढ किंवा भरवशाचा असणे असा असून प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा 'आमेन' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. त्यामुळे हिब्रू परंपरेत सत्य म्हणजे केवळ वस्तुस्थितीशी जुळणारे विधान नव्हे. ज्यावर विसंबता येते ते सत्य होय. नव्या करारातील 'अलेथेइया' या ग्रीक शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः 'जे झाकलेले नाही ते' अशी दिली जाते. भरवसा आणि उघडपणा हे दोन्ही अर्थ ख्रिस्ती विचारात एकत्र आले.

बायबलमधील आधार

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते (निर्गम २०:१६). प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स गणनेत ती नववी, तर कॅथलिक व ल्यूथरन गणनेत आठवी आज्ञा आहे. तिचा मूळ संदर्भ न्यायनिवाड्याचा आहे. खोट्या साक्षीने निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर दोष ठरविण्यास मज्जाव आहे (अनुवाद १९:१५).

असत्य उघडकीस आणण्याच्या दोन कथा दानीएलाच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठात आहेत. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा त्यांना बायबलचा भाग मानतात, प्रॉटेस्टंट परंपरा मानत नाही. पहिल्या कथेत दोन वडीलधारे न्यायाधीश सुसान्ना या स्त्रीवर व्यभिचाराचा खोटा आरोप करतात. तरुण दानीएल त्यांची वेगवेगळी चौकशी करून तो प्रसंग कोणत्या झाडाखाली घडला, असे प्रत्येकाला विचारतो. उत्तरे जुळत नाहीत आणि सुसान्नाचे प्राण वाचतात. दुसऱ्या कथेत बेल या देवाची मूर्ती रोज नैवेद्य खाते असा पुजाऱ्यांचा दावा असतो. दानीएल रात्री देवळाच्या जमिनीवर राख पसरतो. सकाळी राखेत उमटलेल्या पावलांवरून पुजारी व त्यांचे कुटुंबीय चोरदाराने आत येत असल्याचे सिद्ध होते. दोन्ही कथांत असत्य उघडे पडते ते चौकशीने व पुराव्याने.

नव्या करारात सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरून ठेवण्याचा उपदेश आहे (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ५:२१). प्रेषित पौलाची शिकवण शास्त्राशी ताडून पाहणाऱ्या बिरुया येथील लोकांची प्रशंसा केलेली आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). प्रत्यक्ष प्रेषिताचे म्हणणेही तपासून घेणे येथे दोष न ठरता गुण ठरले, याकडे भाष्यकार लक्ष वेधतात.

असत्याची व्याख्या व प्रकार

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पहिला सुमारे ३९५ मध्ये आणि दुसरा सुमारे ४२० मध्ये. त्यांच्या मते फसविण्याच्या हेतूने केलेले खोटे विधान म्हणजे असत्य. चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवून बोलणारा माणूस चुकतो, पण तो खोटे बोलत नाही. या भेदामुळे चूक आणि लबाडी यांचा नैतिक विचार वेगळा झाला. ऑगस्टीन यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले आणि त्यांपैकी एकही समर्थनीय मानला नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हेतूनुसार तीन प्रकार केले: गमतीसाठी बोललेले, कोणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि अपाय करण्यासाठी बोललेले. तिन्ही प्रकार त्यांनी दोषार्ह मानले. तथापि तिसराच सर्वांत गंभीर ठरविला.

याच्या उलट, जॉन कॅसियन यांच्यासारख्या प्राचीन लेखकांनी जीव वाचविण्यासाठी खोटे बोलणे क्षम्य मानले. या पक्षाकडून मिसरातील सुइणींची आणि राहाबेची उदाहरणे दिली जातात. नवजात हिब्रू मुलगे मारण्याची फारोची आज्ञा सुइणींनी पाळली नाही व त्याला खोटे कारण सांगितले. राहाबेने घरात लपविलेल्या हेरांविषयी खोटी माहिती दिली. हा वाद ख्रिस्ती नीतिशास्त्रात आजही चालू आहे.

धर्मसंस्थेतील दाव्यांची तपासणी

असत्याची पारख केवळ परधर्मीयांच्या दाव्यांपुरती ठेवणे ही या विचारातील मोठी उणीव मानली जाते. चर्चच्या अंतर्गत झालेल्या तपासणीचे प्रसिद्ध उदाहरण 'कॉन्स्टंटाइनचे दानपत्र' हे आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने पश्चिमेकडील सत्ता पोपच्या स्वाधीन केली, असे या दस्तऐवजात म्हटले होते आणि मध्ययुगात त्याचा आधार पोपच्या राजकीय अधिकारासाठी घेतला जात असे. इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाला यांनी १४४० मध्ये त्यातील लॅटिन भाषेचे परीक्षण केले. तिच्यातील शब्द व प्रयोग चौथ्या शतकातील नसून बरेच नंतरचे आहेत, असे दाखवून त्यांनी तो दस्तऐवज बनावट ठरविला. हा निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाला.

कॅथलिक चर्चने चमत्कारांच्या तपासणीसाठीही काही यंत्रणा उभ्या केल्या. संतपदाच्या प्रस्तावातील पुराव्यांवर आक्षेप घेण्यासाठी नेमलेला अधिकारी बोलीभाषेत 'सैतानाचा वकील' म्हणून ओळखला जाई. हे पद १५८७ मध्ये औपचारिकरीत्या स्थापन झाले. १९८३ च्या सुधारणांनंतर त्याचे स्वरूप बदलले. फ्रान्समधील लूर्द येथे रोगमुक्तीच्या दाव्यांची वैद्यकीय छाननी करणारे कार्यालय १८८३ पासून आहे.

पंडिता रमाबाई यांचे उदाहरण

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह त्यांचे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थयात्रेत असे. दुष्काळात आईवडील व बहीण यांचा मृत्यू झाल्यावर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी भारतभर प्रवास केला. या काळातील एक प्रसंग रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. उत्तर भारतातील एका तीर्थक्षेत्री तळ्यात तरंगणारे पर्वत असून ते पुण्यवान यात्रेकरूकडे सरकत येतात, अशी ख्याती होती. तळ्यात उतरण्यास पुजाऱ्यांची मनाई असतानाही श्रीनिवास पोहत तेथवर गेले. ते पर्वत म्हणजे तराफ्यांवर रचलेले मातीचे ढीग असून त्यांवर झाडे लावलेली आहेत आणि पुजाऱ्यांची माणसे ते मागून ढकलतात, असे त्यांना आढळले. बेलच्या कथेतील राखेप्रमाणे येथेही निर्णय प्रत्यक्ष पाहणीने झाला.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्यांनी तपासणी थांबविली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, अथेनेशियसचा मतांगीकार आणि धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. स्वतःला पटल्याखेरीज केवळ चर्चच्या आज्ञेवरून एखादे मत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंनी मात्र तो सदसद्विवेकबुद्धीचा हक्क मानला. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तीर्थातील पुजाऱ्यांना लावलेला निकष त्यांनी इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांनाही लावला, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

हाच निकष पुढे रमाबाईंच्या संस्थेलाही लावला गेला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि नंतर पुण्यास हलविलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. विधवा विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात असे कळल्यावर 'केसरी'ने संस्थेवर कडक टीका केली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकाकारांच्या मते आश्वासनाचा भंग झाला होता. आपण कोणावर सक्ती केली नाही, मात्र आपली प्रार्थना दार लावून लपविलीही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. सत्य सांगणे आणि दिलेला शब्द पाळणे यांतील ताण म्हणून अभ्यासक या वादाकडे पाहतात.

वऱ्हाडातील संदर्भ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात विविध ख्रिस्ती मिशनांचे काम सुरू झाले. अकोला परिसरात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळ परिसरात फ्री मेथडिस्ट आणि मेळघाट-अचलपूर (तत्कालीन एलिचपूर) भागात कोरकूंमध्ये काम करणारे मिशन ही त्यांपैकी प्रमुख होत. अमरावती येथे १९५५ मध्ये स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला.

या भागात असत्याच्या पारखीचा प्रश्न कुष्ठरोगाच्या निमित्ताने तीव्रतेने पुढे आला. कुष्ठरोग हे पूर्वपापाचे फळ आहे या समजुतीमुळे रुग्णांना घर व गाव सोडावे लागे. बायबलमधील लेवीय या पुस्तकातील नियमांचा आधार घेऊन युरोपातही रुग्णांना समाजाबाहेर ठेवले जात असे. त्या ग्रंथातील शब्द मात्र आजच्या कुष्ठरोगापुरता मर्यादित नसून अनेक त्वचाविकारांना लागू होतो, असे आता मानले जाते. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या कथेत (अध्याय ९) हा मनुष्य कोणाच्या पापामुळे आंधळा झाला, असे शिष्य विचारतात. त्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या पापामुळे नव्हे, असे येशू उत्तर देतो. रोग आणि पाप यांचा संबंध नाकारण्यासाठी ख्रिस्ती आरोग्यसेवेत या कथेचा आधार घेतला जातो. नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळील कोठारा येथील ख्रिस्ती रुग्णालय आणि अमरावती शहराजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारलेले तपोवन या दोन संस्थांनी वेगवेगळ्या प्रेरणांतून कुष्ठसेवा केली.

ख्रिस्ती नसलेली, पण या विषयाशी समांतर असलेली परंपराही याच जिल्ह्यात आहे. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा आपल्या कीर्तनात वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत. पशुबळी, नवस आणि कर्ज काढून केलेले समारंभ यांतील फोलपणा ते श्रोत्यांच्याच उत्तरांतून त्यांना पटवून देत. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

टीका व मर्यादा

झाडाची ओळख त्याच्या फळांवरून होते, हा पर्वतावरील प्रवचनातील निकष (मत्तय ७:१६) व्यवहारात अपुरा पडू शकतो, असा आक्षेप घेतला जातो. फळे मोजताना अनुकूल तेवढीच मोजली, तर निष्कर्ष चुकतो. मेळघाटात लहान मुलाचे पोट फुगल्यास त्यावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा आहे. चटके दिल्यावर जे मूल बरे होते ते लक्षात राहते. जे दगावते त्याचा दोष प्रथेकडे जात नाही. प्रार्थनेने रोग बरा झाल्याच्या साक्षींनाही हाच आक्षेप लागू होतो. म्हणून प्रार्थनेबरोबर औषधोपचार चालू ठेवणे आणि बरे न झालेल्यांचीही नोंद घेणे आवश्यक आहे, असे अनेक ख्रिस्ती डॉक्टर व धर्मशास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नसून सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे.

दुसरा आक्षेप अंतिम प्रमाणाविषयी आहे. बायबल हेच प्रमाण मानून इतर दावे तपासले, तर खुद्द बायबलची तपासणी कोणी करावी, असा प्रश्न विवेकवादी अभ्यासक विचारतात. पाठचिकित्सा व ऐतिहासिक चिकित्सा या पद्धतींचा अवलंब करून अनेक चर्चनी ही तपासणीही स्वीकारली आहे. काही पंथांना ती मान्य नाही.

हे सुद्धा पहा

पंडिता रमाबाई
शारदा सदन
दहा आज्ञा
संत ऑगस्टीन
गाडगे महाराज
कुष्ठरोग
अंधश्रद्धा